सीआयएन-१ चा रिपोर्ट आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या : कुणाला अनुभव आहे का?

ऋतुगंध

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही अशा विषयावर की घरात मोकळेपणी बोलता येत नाही.

वय ३४, पुण्यात राहते, पाच वर्षांची मुलगी आहे. ऑफिसच्या तपासणीत पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशींची तपासणी) झाला, त्यात 'एलसिल' (पेशींत सौम्य बदल) आलं. मग एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या विषाणूची, टेस्ट पॉझिटिव्ह आली (त्याचे १६ आणि १८ हे प्रकार नाहीत, 'इतर हाय रिस्क' असं लिहिलंय). कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीतून मुखाची तपासणी) झाली, तुकडा काढून तपासला, निदान सीआयएन-१, म्हणजे मुखाच्या पेशींतला सगळ्यात सौम्य पायरीचा बदल. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आत्ता काही करायचं नाही. वर्षाने परत या." औषधाची साधी चिठ्ठीही दिली नाही.

माझी वहिनी एका कंपनीची सप्लिमेंट्स विकते. तिने आणून दिलेल्या अँटिऑक्सिडंटच्या डब्यात व्हिटॅमिन सी, ई, बीटा कॅरोटीन, सेलेनियम आणि ग्रीन टीचा अर्क आहे. महिन्याला ३,८०० रुपये. "पेशी आतून दुरुस्त होतात, सहा महिन्यांत रिपोर्ट साफ" असं ती सांगते, आणि अगदी मनापासून सांगते. माझ्यासाठी तिने नवससुद्धा बोललाय.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. याचा खरंच उपयोग होतो का? आणि नुसतं थांबायचं म्हणजे काय करायचं? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही.

वाशिष्ठी

ऋतुगंध, आधी एक मोठा श्वास घे. मला २०१९ मध्ये हेच निदान झालं होतं. मी काहीही घेतलं नाही. दीड वर्षाने स्मिअर नॉर्मल आला, त्यानंतरचे दोन्हीही नॉर्मल. त्या दीड वर्षात मीही अशीच जागी असायचे, त्यामुळे तुझ्या जिवाची घालमेल कळते.

मुळशीकर

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितो. बायकोला सीआयएन-१ होतं. अशाच कॅप्सूल सहा महिने घेतल्या. पुढचा रिपोर्ट स्वच्छ. आम्हाला तरी गुण आला. नैसर्गिक गोष्टी आहेत, अपाय तर नाही ना? मग घ्यायला काय हरकत आहे?

तिरफळ

३,८०० रुपयांत आमच्या बाजारात पोतंभर आवळे येतील! मोरावळा घाल आणि अर्ध्या सोसायटीला वाट. :-)

काळजी करू नकोस गं. डॉ. पळस या विषयावर नक्की लिहितील, त्यांना हाक मारलीये.

डॉ_पळस

हाक पोचली. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, २२ वर्षं तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो.

ऋतुगंध, तुमच्या रिपोर्टचा अर्थ आधी समजून घ्या. गर्भाशयाच्या मुखावर पेशींच्या थरांचं अस्तर असतं. बदललेल्या पेशी अस्तराच्या फक्त खालच्या एक तृतीयांश भागात असतील तर सीआयएन-१, दोन तृतीयांशापर्यंत चढल्या तर २, त्याच्याही वर गेल्या तर ३. सीआयएन-१ हा कर्करोग नाही. एचपीव्हीचा संसर्ग आत्ता चालू आहे, त्याची ती खूण आहे, आणि बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्ती हा विषाणू स्वतःच आवरते. दहापैकी नऊ संसर्ग दोनेक वर्षांत सापडेनासे होतात.

१९९३ साली तोवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा निघाला. त्यात सीआयएन-१ असलेल्या १०० पैकी ५७ जणींत बदल आपोआप मागे गेला, ११ जणींत तो ३ पर्यंत वाढला आणि खोलवर पसरणाऱ्या कर्करोगापर्यंत साधारण एक गेली. त्या ११ आणि त्या एकीसाठी तुम्हाला वर्षाने परत बोलावलंय. डॉक्टरबाईंनी काहीच केलं नाही असं समजू नका. पाळत ठेवणं हाच या टप्प्यावरचा उपचार आहे.

आता गोळ्या. ही कल्पना कुणी हवेतून काढलेली नाही. सीआयएन असलेल्या स्त्रियांच्या रक्तात कॅरोटीन, व्हिटॅमिन सी, फोलेट (म्हणजेच फॉलिक ॲसिड) कमी सापडतं, हे १९८० च्या दशकात अनेक ठिकाणी दिसलं. मग संशोधकांनी सरळ प्रश्न विचारला की कमी आहे ते भरून काढलं तर बदल मागे जातील का? त्यासाठी स्त्रियांचे दोन गट केले. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी, आणि कुणाला कुठली हे ना तिला ठाऊक ना डॉक्टरला.

फॉलिक ॲसिड : १९९२, अमेरिका, २३५ स्त्रिया, रोज १० मिलिग्रॅम, सहा महिने. दोन्ही गटांत फरक नाही.

बीटा कॅरोटीन : १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये रोज १० मिलिग्रॅम तीन महिने देऊन पाहिलं, उपयोग नाही. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन आणि ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी, वेगवेगळं आणि एकत्र, दोन्ही प्रकारे दिलं. उपयोग नाही. २००१ मध्ये अमेरिकेत सीआयएन-२ आणि ३ वर ३० मिलिग्रॅम दिलं, तिथेही नाही.

ग्रीन टीचा अर्क : २०१४ मध्ये अमेरिकेतलीच चाचणी, ९८ स्त्रिया, चार महिने. बहुतेकींना तुमच्यासारखंच, चिवट एचपीव्ही आणि सीआयएन-१. पोकळ गोळीपेक्षा सरस ठरला नाही.

तुमच्या डब्यातले तीन घटक यात आले. हे सगळे अभ्यास मी उमेद धरून वाचले होते. अशी स्वस्त गोळी सापडली असती तर माझ्या पेशंट्सना ती सगळ्यात आधी मीच दिली असती.

मुळशीकर

डॉक्टरसाहेब, एवढं लिहिलंत त्याबद्दल आभार. पण मग माझ्या बायकोचं काय? रिपोर्ट डोळ्यांनी पाहिलेत.

डॉ_पळस

मुळशीकर, तुमच्या पत्नी बऱ्या झाल्या याचा आनंदच आहे, आणि रिपोर्ट खरेच असणार. पण वर वाशिष्ठीताई गोळी न घेता बऱ्या झाल्यात. जो बदल १०० पैकी ५७ जणींत आपोआप मागे जातो, त्याच्यावर खडीसाखर दिली तरी निम्म्याहून जास्त जणी म्हणतील की गुण आला. म्हणून तर पोकळ गोळीचा गट लागतो.

आणि अपायाबद्दल. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला (१९९४). अमेरिकेत तशाच चाचणीत २८ टक्के जास्त निघाला आणि १९९६ मध्ये ती वेळेआधी थांबवावी लागली. हे आकडे धूम्रपान करणाऱ्यांचे आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्यांचे आहेत, ऋतुगंध यांना जसेच्या तसे लागू नाहीत. पण 'नैसर्गिक आहे म्हणजे निरुपद्रवी' हे गृहीत त्या दिवशी मोडलं. गाजरातलं कॅरोटीन वेगळं आणि रोजची ३० मिलिग्रॅमची गोळी वेगळी.

तिरफळ

म्हणजे आवळा, हळद, मोरावळा यांनाही रामराम का? मन मोडलंत हो.

डॉ_पळस

अजिबात नाही! आवळा खा, पालेभाजी खा, हळद घाला. रोजच्या जेवणातल्या कुठल्याच गोष्टीला माझा विरोध नाही. फक्त त्यांना औषधाच्या खुर्चीत बसवू नका.

लॅबवाली

नाशिकला सायटॉलॉजीच्या (पेशी तपासण्याच्या) लॅबमध्ये १४ वर्षं आहे. दिवसभर काचपट्ट्याच बघते. फॉलिक ॲसिडचा मुद्दा निघालाय म्हणून एक गोष्ट सांगते, मला ती फार आवडते.

फोलेट किंवा बी-१२ कमी असलं की शरीरातल्या सगळ्याच भराभर वाढणाऱ्या पेशी फुगतात, केंद्रकं मोठी दिसतात. रक्तात दिसतं तसंच स्मिअरमध्येही दिसतं. १९७३ मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या काही स्त्रियांच्या स्मिअरमध्ये अशा पेशी सापडल्या आणि फॉलिक ॲसिड दिल्यावर त्या पूर्ववत झाल्या. तिथून लोकांना वाटलं की सापडलं औषध! पण त्या पेशी उपाशी होत्या, विषाणूने बिघडलेल्या नव्हत्या. विषाणू पेशीच्या आत शिरून ई-६ आणि ई-७ नावाची प्रथिनं बनवतो. पेशीच्या वाढीला लगाम घालणारी आपली दोन प्रथिनं आहेत, पी-५३ आणि आरबी. ई-६ पहिल्याला मारतं, ई-७ दुसऱ्याला. तो लगाम व्हिटॅमिनने परत बसत नाही.

ऋतुगंध, तू शाकाहारी आहेस का? हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलंस? कमतरता असेल तर ती भरून काढ, पण कमतरता आहे म्हणून, सीआयएनसाठी नाही. आणि बी-१२ न बघता नुसतं फॉलिक ॲसिड जास्त घेऊ नकोस. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

ऋतुगंध

शाकाहारीच आहे. बी-१२ कधीच तपासलं नाही. उद्याच करते.

सगळ्यांचे खूप आभार. आणखी एक विचारू का? सगळ्यात जास्त टोचतंय ते हे. 'एचपीव्ही लैंगिक संबंधातून होतो' हे वाचल्यावर नवरा गप्प झालाय. काही बोलत नाही, पण गप्प आहे.

वाशिष्ठी

अगं, आमच्याकडे हेच झालं होतं. मी त्याला सरळ डॉक्टरांसमोर बसवलं. वीस मिनिटांत त्याचा चेहरा बदलला.

डॉ_पळस

नवऱ्याला हे वाचायला द्या. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होतो. तो वर्षानुवर्षं दबून राहू शकतो. कधी आला, कुणाकडून आला, हे जगातली कुठलीही टेस्ट सांगू शकत नाही. लग्नाआधीचा, नंतरचा, तुमचा, त्यांचा, काहीच ठरवता येत नाही. म्हणून याच्यावरून कुणी कुणाला दोष देऊ नये.

'थांबायचं म्हणजे काय करायचं' हा तुमचा मूळ प्रश्न राहिलाच होता. नेदरलँड्समध्ये २००३ साली एक छोटी पण नीट केलेली चाचणी झाली. सीआयएन असलेल्या स्त्रियांच्या जोडप्यांचे दोन गट केले, एका गटाने नियमित कंडोम वापरला. दोन वर्षांत त्या गटात ५३ टक्के जणींचे बदल मागे गेले, दुसऱ्या गटात ३५ टक्के. विषाणूची देवाणघेवाण थांबते, एवढंच. त्यात नवऱ्याचाही सहभाग आहे, आणि माझ्या अनुभवात तो सहभाग मिळाला की घरातला अबोलाही सैल होतो.

दुसरं धूम्रपान. तुम्ही करत नसाल, पण हे वाचणाऱ्या कुणी करत असतील तर त्यांनी सोडावं. सिगारेट आणि या कर्करोगाचा संबंध पक्का आहे.

तिरफळ

आणि मशेरी? आमच्या गावाकडे निम्म्या बायका लावतात.

डॉ_पळस

मशेरीने तोंडाचा कर्करोग होतो. सोडायला तेवढं कारण पुरे आहे.

शेवंती

आमच्या मराठवाड्यात वेगळीच तऱ्हा. बाईच्या अंगावरून जरा पांढरं गेलं, की "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाक". माझ्या सख्ख्या मावशीची २९ व्या वर्षी काढली. कुठला स्मिअर नाही, कुठला तुकडा नाही, फक्त सोनोग्राफीचा कागद. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये बाहेर आलं तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. सर्वेक्षणात ८२,००० हून जास्त जणींपैकी १३,००० च्या वर बायकांची पिशवी काढलेली निघाली. एकीकडे शहरात ३,८०० ची गोळी, दुसरीकडे गावात कर्ज काढून ऑपरेशन. भीती तीच विकली जाते. जिला ज्याची गरज आहे ते, म्हणजे साधी तपासणी आणि समजावून सांगणारं माणूस, ते दोन्हीकडे मिळत नाही. मला फार राग येतो याचा.

बार्शीकर

शेवंतीताई, तुमच्या रागात मीही आहे. पण आपल्याच भागातली एक अभिमानाची गोष्ट सांगतो, विषयांतर वाटलं तर माफ करा.

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांत, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. आमच्या बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलने तो केला. काहींची एचपीव्ही टेस्ट, काहींचा पॅप स्मिअर, काहींची गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगर लावून नजरेने तपासणी, आणि एका गटाला नेहमीचीच व्यवस्था. २००९ मध्ये निकाल आला : आयुष्यात फक्त एकदा केलेल्या एचपीव्ही टेस्टने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभरची धोरणं ठरवताना ज्या अभ्यासांकडे बोट दाखवतात त्यांत हा आहे. चौथ्या गटाला तपासणी मिळाली नाही, यावर नंतर वाद झाला, आणि तो वाद रास्तच होता.

माझी आत्या त्या गावांपैकी एका गावात होती. ज्वारीच्या काढणीचे दिवस, ती जायला तयार नव्हती. नर्सबाई तीनदा घरी आल्या. शेवटी आजी म्हणाली, "जा गं, त्या पोरीच्या चपला झिजल्या." आत्याचे बदल वेळेत सापडले, तिथेच गोठवून नष्ट केले. आज ७१ वर्षांची आहे, अजून शेळ्या राखते.

लॅबवाली

बार्शीकर, डोळ्यांत पाणी आणलंत.

मुंबईच्या वस्त्यांमधल्या टाटाच्या अभ्यासाचीही भर घालते. डॉक्टर नसलेल्या साध्या बायकांना शिकवून त्यांच्याकडून व्हिनेगरची तपासणी करून घेतली, दर दोन वर्षांनी. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. वाटीभर व्हिनेगर, कापूस, उजेड आणि शिकलेली नजर.

पॅसिफिकवारा

सिएटलहून लिहितेय. मला २७ व्या वर्षी सीआयएन-२ निघालं. मूल हवं होतं, आणि 'लीप' (बदललेला भाग कापून काढणं) केलं तर पुढच्या बाळंतपणात दिवस पूर्ण भरण्याआधी प्रसूतीचा धोका थोडा वाढतो, म्हणून डॉक्टरांनी लगेच न कापता दर सहा महिन्यांनी बघायचं ठरवलं. २०१८ च्या एका एकत्रित आढाव्यात सीआयएन-२ सुद्धा दोन वर्षांत निम्म्या जणींत मागे गेल्याचं दिसलंय. मी त्या दुसऱ्या निम्म्यात निघाले. दीड वर्षाने ३ झालं, मग लीप केलं. जागेवरच भूल, तारेची कडी, पंधरा मिनिटं. आता मुलगा तीन वर्षांचा आहे, ३८ व्या आठवड्यात झाला.

त्या दीड वर्षात मी हळदीच्या कॅप्सूल घेत होते. तपासणी मात्र एकही चुकवली नाही.

अनामिका_७

हे लिहावं की नाही, तीन दिवस विचार केला.

माझ्या मोठ्या जावेला सीआयएन-३ होतं. डॉक्टरांनी लीप सांगितलं होतं. तिला ऑपरेशनची भयंकर भीती. कुणीतरी एका शिबिरात नेलं, तिथे 'अँटिऑक्सिडंट थेरपी' म्हणून पावडर आणि गोळ्या दिल्या आणि "कापाकापी केली की पसरतं" असं सांगितलं. तिला हायसं वाटलं. खरं सांगते, आम्हा सगळ्यांनाच वाटलं. तिला बरं वाटत होतं, भूक लागत होती, चेहऱ्यावर तेज आलं होतं. या आजाराला दुखणं नसतं, म्हणून बरं वाटण्याचा अर्थ काहीच नसतो, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. अडीच वर्षांनी संबंधानंतर रक्त जायला लागलं. तोवर पुढे गेलं होतं. रेडिएशन, केमो सगळं झालं. ती गेली तेव्हा ४१ वर्षांची होती.

गोळ्यांनी तिला मारलं असं मी म्हणत नाही. त्या अडीच वर्षांत ती एकदाही तपासणीला गेली नाही, कारण 'उपचार चालू' होते.

डॉ_पळस

अनामिका, हे लिहायला धीर लागतो. मनापासून आभार.

सीआयएन-१ आणि ३ मधला फरक इथे स्पष्ट करतो, कारण 'थांबा' हा सल्ला १ साठी आहे, ३ साठी नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकापासून एका डॉक्टरने सीआयएन-३ च्या अनेक स्त्रियांना पूर्ण उपचार न देता नुसतं बघत राहायचं ठरवलं, तेही त्यांना न सांगता. १९८७-८८ मध्ये त्याची न्यायालयीन चौकशी झाली. २००८ मध्ये त्या नोंदी परत तपासल्या. अपुरा उपचार झालेल्यांत ३० वर्षांत ३१ टक्क्यांना कर्करोग झाला. नीट उपचार झालेल्यांत ०.७ टक्के. तुमच्या जाऊबाईंना सांगितलेली पंधरा मिनिटांची प्रक्रिया या दोन आकड्यांमधलं अंतर आहे.

मुळशीकर

अनामिकाताई, वाचून सुन्न झालो. मी वर "काय हरकत आहे" लिहिलं होतं. बायकोला विचारलं, रिपोर्ट साफ आल्यावर पुढची तपासणी कधी केली? केलीच नाही. चार वर्षं झाली. गोळ्यांनी बरं झालं म्हणून आम्ही विसरलोच. सोमवारची वेळ घेतली आहे.

शेवंती

मुळशीकर, शाब्बास. वहिनींना सोबत म्हणून तुम्हीही जा.

तिरफळ

माझी मुलगी ११ वर्षांची आहे. एचपीव्हीच्या लशीचं काय?

डॉ_पळस

हेच वय उत्तम. ९ ते १४ मध्ये दोन डोस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून आपल्याकडे आहे, बाहेरच्या कंपन्यांचीही मिळते. लस नव्या संसर्गापासून वाचवते. आधीच झालेला संसर्ग किंवा सीआयएन ती बरं करत नाही, म्हणून लस घेतलेल्यांनीही मोठेपणी तपासणी करायचीच.

ऋतुगंध

तेरा महिन्यांनी धागा वर काढतेय. तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंत, पुढे काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

बी-१२ फारच कमी निघालं, हिमोग्लोबिन ९.६. इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या घेतल्या, थकवा गेला, झोपही सुधारली. डबा घेतला नाही. नवऱ्याला डॉक्टरांचा प्रतिसाद वाचायला दिला. रात्री उशिरा म्हणाला, "मला वाटलं, माझ्यामुळे झालं." तो एवढे दिवस त्यासाठी गप्प होता, आणि मी भलतंच समजत होते.

गेल्या आठवड्यात तपासणी झाली. स्मिअर नॉर्मल. एचपीव्ही अजून पॉझिटिव्ह. म्हणजे परत वर्षाने. पहिल्यांदा हेच ऐकून मी रडले होते, या वेळी कॅलेंडरमध्ये तारीख टाकली आणि मुलीला शाळेतून आणायला गेले.

वहिनी ३९ वर्षांची आहे आणि तिने आजवर एकदाही तपासणी केलेली नाही, हे मला आत्ता कळलं. येत्या शनिवारी मी तिला घेऊन जातेय. ती फार घाबरलीये. जाण्याआधी काय काळजी घ्यायची असते?

लॅबवाली

पाळी चालू नसेल असा दिवस बघा. दोन दिवस आधीपासून संबंध नकोत, आत ठेवायच्या गोळ्या-क्रीम नकोत, आतून धुणं नको. उपाशी जायची गरज नाही. सैल सलवार किंवा साडी नेसायला सांग, पँटपेक्षा सोपं पडतं. आणि टेबलावर झोपल्यावर तिला म्हणावं, पाय सैल सोड आणि तोंडाने श्वास घे. दोन मिनिटांत होतं.